श्री नसलेले पत्र

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेदहा. ठिकाण: गोव्यातले हळर्ण गाव, गावसांच्या घराचा व्हरांडा. हजर: भिवादादांच्या पत्नी रुक्मिणीवहिनी, त्यांचा मुलगा सुरेश, जो डिचोलीला ट्रक चालवतो, पंचायतीचे सदस्य प्रकाश, आणि मी, सुनंदा, तुये इथल्या औषधाच्या कारखान्यात भांडार सांभाळणारी. विषय: भिवादादांनी मागे ठेवलेली तीन कामे. भिवादादांना जाऊन त्या दिवशी चौदा दिवस झाले होते. तेराव्याची मोठी पातेली अजून अंगणात पालथी पडलेली होती.

वरची नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. मला माणसांबद्दल लिहायची सवय नाही, वस्तूंबद्दल आहे: किती आल्या, किती गेल्या, किती फुटल्या. पण भिवा गावस या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय त्या तीन कामांतले एक पुढे सरकत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भिवादादा कोणताही कागद खालून वाचत. आधी शेवटची ओळ, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची, असे करत मथळ्यापर्यंत. तो वाचून झाला की मग पुन्हा वरून खाली. मी त्यांना पहिल्यांदा पाहिले तेच असे. एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, माझा कारखान्यातला पहिला दिवस. रिकाम्या बाटल्यांचा ट्रक फाटकाबाहेर उभा, आत भरणीचे यंत्र बाटल्यांसाठी थांबलेले, आणि फाटकावरचा उंच, किडकिडीत माणूस मालाचे चलन हातात धरून शांत उभा. त्याचे बोट कागदाच्या तळाशी होते आणि एकेक ओळ वर चढत होते. मी धावत गेले.

‘दादा, वरचा नंबर बघा आणि गाडी सोडा ना.’

त्यांनी मानही वर केली नाही. ‘वरचा बगून सोडूचा नसता, बाय. वरचा सगळ्या कागदांचा सारख्याच असता.’

शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिले होते की मागितलेल्या मापाच्या बाटल्या संपल्यामुळे लहान मापाच्या पाठवल्या आहेत. त्या यंत्रावर चढवल्या असत्या तर दिवसभर काचा वेचत बसलो असतो. ट्रक परत गेला. त्या दिवशी मी वहीत लिहिले: फाटकावरच्या माणसाशी भांडू नये.

कारखान्यातली पोरे त्यांची थट्टा करायची. कोणी बिस्किटाच्या पुड्याचा कागद पुढे करायचा, ‘दादा, एवढं वाचून द्या.’ भिवादादा चष्मा लावून तोही तळापासून वाचत आणि म्हणत, ‘ह्या पुड्याची मुदत गेल्या म्हयन्यात संपली. खाल्लंस मां? आता पोटार हात ठेवन बस.’ पॅकिंगमधल्या एकाने लग्नाची पत्रिका दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘खालून वाचा हां दादा, आहेर आणू नये असं लिहिलंय.’ भिवादादांनी नीट वाचली, घडी घातली. ‘आहेर नाय हाडूचो. पण जेवणाची वेळ लिवक नाय तू. म्हणजे सकाळधरना बसलो तरी चलात.’ ते हसत नसत. लोक हसत.

मला वाटायचे हा स्वभाव आहे. काही माणसे दाराची कडी तीनदा बघतात, तसा. तो स्वभाव नव्हता हे कळायला मला तीन वर्षे लागली.

माझी फोंड्याच्या गोदामात बदली झाल्याचा कागद मुख्य कचेरीतून आला. घरी सासूबाई आजारी, मुलगी पहिलीत. मी पहिली ओळ वाचली, कागद फाडला, टोपलीत टाकला आणि राजीनामा लिहायला घेतला. संध्याकाळी घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवादादा भांडाराच्या दारात उभे. त्यांच्या हातात तो कागद होता. टोपलीतले तुकडे शोधून, जुन्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून, त्यावर वजन ठेवून त्यांनी तो सपाट केला होता. एक तुकडा कमी होता, तेवढी पुठ्ठ्याची जागा तपकिरी दिसत होती.

‘आता शेवटापर्यंत वाच. मगे काय करूचा ता कर.’

शेवटी लिहिले होते की अडचण असल्यास आठ दिवसांत अर्ज करावा. मी अर्ज केला. बदली रद्द झाली. आभार मानायला जेवणाच्या सुट्टीत फाटकावरच्या खोलीत गेले, तेव्हा त्यांनी डबा बाजूला सारला आणि म्हणाले, ‘माझो एक कागद असोच गेलो. तेचे तुकडे गावले नाय.’ मग त्यांनी सांगितले. जे सांगितले ते मी त्यांच्या क्रमाने न लिहिता घडले त्या क्रमाने लिहिते.

भिवा आणि नारायण हे दोघे भाऊ. वडील लवकर गेलेले. दोघेही देवळातल्या शाळेत चार इयत्ता शिकले. नारायण तीन वर्षांनी धाकटा. तो सैन्यात गेला आणि माल वाहणाऱ्या गाडीवर चालक झाला. एकाहत्तरच्या लढाईत तो पूर्वेकडे होता. तिकडून त्याची आठ पत्रे आली. ती पत्रे भिवादादांना पाठ होती. मी पुढे ती हातात घेऊन वाचली तेव्हा एका शब्दाचाही फरक निघाला नाही.

प्रत्येक पत्राच्या माथ्यावर, मधोमध, दोन उभ्या रेघांत ‘श्री’. मग ‘तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार’. तिथपर्यंत शाळेतले मराठी आणि पुढे हळर्णचा पोरगा. पहिल्या पत्रांत खाण्याच्या तक्रारी: ‘इकडे चपात्या देतात, त्या पोटात बसत नाहीत. पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव स्वप्नात येतात. तुम्ही खाताना माझे नाव घ्या.’ मग हळूहळू तक्रारी संपतात. सहाव्या पत्रात असे आहे: ‘दादा, इकडची जमीन आपल्या वायंगणाच्या शेतासारखी आहे, ओली, काळी. भात कापणीला आलेले आहे आणि कापायला कोणी नाही. रस्ता मोडला म्हणून गाडी शेतातून घालायला सांगतात. चाकाखाली पिकलेले भात जाते. मी हॉर्न वाजवतो. कोण बाजूला होणार आहे? पण वाजवतो.’

सातव्यात दोन ओळी गावच्या गुरांबद्दल आणि मग: ‘काल ज्याच्याबरोबर चहा घेतला त्याला आज गाडीत मागे घालून आणले. आईला हे वाचून दाखवू नको.’ भिवादादांनी ते वाचून दाखवले नाही. आठव्यात: ‘आमच्या गाडीवर एक मास्तर आला आहे. पूर्वी शाळेत शिकवायचा. मराठी येत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रे हिंदीत लिहून देतो. तुझे पत्र आले की मी दोनदा वाचतो, एकदा माझ्यासाठी आणि एकदा त्याला समजावून. त्याला आपली सगळी शेते माहीत झाली आहेत. वायंगणाचे बी वेळेत भिजत घाल.’

नववे पत्र आले ते नारायणाच्या अक्षरात नव्हते.

पोस्टमनने ते नदीच्या धक्क्यावर भिवादादांच्या हातात दिले. सकाळची वेळ. भिवादादा होडीची वाट बघत होते. बाजूला वाड्यावरचे आपाकाका बसलेले, वयाने मोठे, सगळ्या रीतीभाती माहीत असलेले. भिवादादांनी घडीचा कागद उघडला. परके अक्षर, जांभळी पेन्सिल. माथा कोरा.

आपाकाकांनी बसल्या जागेवरून मान उंचावून बघितले. ‘वर श्री खंय असा रे?’

‘नाय.’

‘नीट बग.’

‘नाय, काका.’

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे चांगल्या पत्राच्या माथ्यावर श्री असते. मरणाची बातमी कळवणाऱ्या पत्रावर ते लिहीत नाहीत. असे पत्र घरात न्यायचे नसते. बाहेरच फाडायचे, आंघोळ करायची आणि मगच उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा. भिवादादांनी पहिली ओळ वाचली: ‘नारायण के भाई को मालूम हो कि मैं उसका साथी मास्टर लिख रहा हूँ।’ सोबती लिहितो आहे म्हणजे नारायण लिहायला उरला नाही. आपाकाका म्हणाले, ‘फुडे वाचू नको. फाड.’

त्यांनी फाडले. चार तुकडे केले. पाणी ओहोटीला लागले होते, तुकडे धक्क्यापाशी थोडे घुटमळले आणि वेगवेगळे गेले. मग कपड्यांनिशी नदीत बुडी मारली आणि ओलेत्याने घरी निघाले. वाटेत भेटलेल्यांनी काही विचारले नाही. भर सकाळी अंगावरच्या कपड्यांत ओला होऊन येणारा माणूस बघितला की आमच्याकडे विचारायचे काही उरत नाही. आई अंगणात सुपारी वाळत घालत होती. तिने मुलाला बघितले आणि खाली बसली.

प्रेत नव्हते, म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. उन्हे कलेपर्यंत सगळे नदीकाठी बसले. भिवादादांनी हात जोडून सांगितले, आईला सांभाळीन. कावळा नाही. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, करीन, जमीन पडीक ठेवणार नाही. कावळा नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक म्हणाले, पोराचा जीव कशात तरी अडकला आहे. तेराव्याला गाव जेवला.

सोळाव्या दिवशी तार आली. शिपाई नारायण गावस, लष्करी इस्पितळ, जखमांमुळे मृत्यू. तारखेवरून मृत्यू होऊन दोन दिवस झाले होते.

‘बाय, तू हिशेबाची बाई,’ भिवादादा मला म्हणाले, ‘तू कर हिशेब.’ मी केला नाही, त्यांनीच केला. पत्र फाडले त्या दिवसापासून नारायण चौदा दिवस जगला. गाडीने तिथे पोचायला पाच दिवस लागले असते. राहिले नऊ. नऊ दिवस भाऊ त्याच्या खाटेजवळ बसू शकला असता. पुतळा जाळला तेव्हा तो जिवंत होता. कावळ्याची वाट बघितली तेव्हा जिवंत होता. तेराव्याच्या पंगती उठल्या तेव्हाही.

जखमी झाल्याचे कळवणारे दुसरे काही घरी आले नव्हते. जे होते ते त्या जांभळ्या पेन्सिलीच्या पत्रात. कदाचित इस्पितळाचा पत्ता. कदाचित ‘दादाला पाठवा’. ते सगळे खाली असणार, कारण पत्ता लोक खाली लिहितात. मास्तरांच्या गावी पत्रावर श्री लिहायची रीत नसेल. किंवा असेल आणि इस्पितळाच्या धावपळीत राहिले असेल. एवढेच.

तार वाचून दाखवल्यावर आई एकच वाक्य बोलली. ‘म्हणजे माझ्या नारानाक तुमी जितोच जाळलास?’

भटजी म्हणाले, क्रिया पुन्हा करायला हवी. केली. त्या वेळी आई बाहेर आली नाही.

हे ऐकून मी काय म्हणावे? मी पटकन बोलणारी बाई. म्हणाले, ‘दोन ओळी आणखी वाचायला काय झालं होतं, दादा?’

‘ताच मी इचारतंय, बाय. रोज.’ बाहेर गाडीने हॉर्न दिला आणि ते फाटक उघडायला उठले. डबा तसाच राहिला. ते वाक्य मला परत घेता आले नाही. त्यांनी ते कधी मनावर घेतल्याचे दाखवले नाही, पण चार दिवस ते भांडाराकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते चलन घेऊन, खालच्या ओळीवर बोट ठेवून. आपाकाकांबद्दलही मी विचारले. ‘तेनी सांगल्यानी खरा. पण हात माझो होतो,’ एवढेच उत्तर.

त्या आठवड्यात मी वहीत नवे पान उघडले. वर लिहिले: मास्तर. भिवादादांना मास्तर हवे होते. भाऊ गेला तो गेला, पण ज्याने मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्यासाठी पत्र लिहिले, त्या माणसासमोर त्यांची मान खाली होती. ‘तेका काय वाटला असतला गो? वाट बगल्यान असतली. कोण आयलो नाय, कोणी उत्तर धाडूक नाय. म्हणालो असतलो, ह्या पोराक मागे कोणच नाय.’ मग म्हणाले, ‘आणि नारानाकय ताच वाटला असतला.’

मी सैन्याच्या कचेरीला तीन वेगवेगळे अर्ज केले. इस्पितळाला लिहिले. माजी सैनिकांच्या पत्रिकेत निवेदन दिले. पेडणे आणि पलीकडे सावंतवाडी भागातले जे जे निवृत्त जवान कळले, त्यांच्याकडे भिवादादा रविवारी बसने जाऊन आले. एका सुभेदारांनी त्यांना दिवसभर ठेवून घेतले, जेवू घातले आणि निघताना सांगितले, ‘अहो, आमच्या प्रत्येक गाडीवर एक मास्तर असायचा.’ उत्तरे आली, सभ्य, छापील. नुसत्या टोपणनावावरून शोध घेणे शक्य नाही. भिवादादा प्रत्येक उत्तर तळापासून वाचत. खाली नुसती सही आणि शिक्का दिसला की उरलेले वाचून कागद माझ्याकडे देत. ‘लाव फायलीक. हो तो नाय.’

त्यांच्या आईला मी दोनदा भेटले. ताठ बसणारी, कमी बोलणारी बाई. दर वर्षी वायंगणाचे बी भिजत घालायच्या दिवसांत ती मुलाला विचारायची, ‘त्या पत्रात काय होतां रे?’ आणि ते सांगायचे, ‘ठावक नाय, आये.’ ती शेवटच्या आजारात होती तेव्हाही तिने तेच विचारले. रुक्मिणीवहिनींनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितले की काहीतरी सांगा, ‘आई, बरी ऱ्हव’ असे लिहिले होते म्हणा, काय बिघडते? भिवादादा म्हणाले, ‘न वाचलेला पत्र मी एकदा मनान पुरा केलंय. परत नाय करूचो.’ आणि आत जाऊन आईचा हात धरून म्हणाले, ‘ठावक नाय, आये.’ मला तेव्हा हा हट्ट क्रूर वाटला होता. आजही थोडा वाटतो.

शाळेजवळ गावाने नारायणाच्या नावाचा दगड उभा केला. त्यावर घालायची तारीख भिवादादांना विचारली. तार हातात असताना त्यांनी पत्र फाडल्याची तारीख सांगितली. पुढे मी दगड बघितला, माझ्या वहीतल्या तारेच्या नकलेशी ताडला आणि फरक दाखवला. ‘माझी ती तारीख,’ ते म्हणाले. ‘त्या दिसा माझ्या हातान गेलो. मी जितो असासर ती तशीच ऱ्हवांदे.’ गावातले जुने लोक जाणून होते, कोणी बोलत नव्हते. नवे लोक त्याच दिवशी फुले वाहत राहिले. त्यांत सुरेशही होता.

निवृत्तीनंतर भिवादादा घरी शेती बघत. वायंगण त्यांनी एकही वर्ष चुकवले नाही. मी महिन्यातून एकदा जाई, वही घेऊन. दाखवण्यासारखे काही नसे, तरी नेई. गेल्या चतुर्थीनंतर त्यांनी माझ्यापुढे एक आंतर्देशीय पत्र ठेवले. मास्तरांना लिहिलेले उत्तर. म्हणाले, हिंदी करून दे. मी केले. माझे हिंदी त्यांनी तळापासून माथ्यापर्यंत बोट फिरवत वाचले आणि माथ्यावर श्री आहे ना ते शेवटी तपासले.

ऑक्टोबरात त्यांना म्हापशाच्या इस्पितळात ठेवले. बोलताना धाप लागायची. माझ्या पिशवीकडे बोट करून म्हणाले, ‘लिव.’ मी वही काढली. एक, दगडावरची तारीख बदलणे. दोन, आठ पत्रे सुरेशला देणे आणि सगळे सांगणे. तीन, मास्तरांचे पत्र टाकणे. लिहून झाल्यावर म्हणाले, ‘वाचून दाखय.’ मी एक म्हटले तशी त्यांनी मान हलवली. मग माझ्या लक्षात आले. मी तीनपासून वर वाचले. त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांच्याशी माझे बोलणे झाले नाही.

तर ९ नोव्हेंबर. मी टेबलावर तार ठेवली, पत्रांची पिशवी ठेवली आणि सुरेशला सगळे सांगितले. मी गोड करून सांगणारी नाही. प्रकाश मध्येच उठून अंगणात जाऊन आले. सुरेशने तारेवरच्या तारखेवर बोट ठेवले.

‘बाबांनी मला कधीच नाही सांगितलं. आये, तुका ठावक होतां?’

‘ह्यांनी माका लग्नाच्या दुसऱ्याच दिसा सांगल्यानी,’ रुक्मिणीवहिनी म्हणाल्या. ‘म्हणाले, ह्या आयकान माहेराक जावचा असात तर जा.’

‘मगे?’

‘मगे काय. चुलीर भात होतो.’

सुरेशने पत्रांची पिशवी उघडली. सहावे पत्र वाचताना तो थांबला. शेतातून गाडी, चाकाखाली भात, हॉर्न. ‘बाबा मला लायसन मिळालं त्या दिवशी एकच सांगत होते,’ तो म्हणाला, ‘रस्तो बंद असलो तर गाडी परत घेवन ये, पण शेतात घालू नको. मला वाटायचं, शेतकरी माणूस, म्हणून सांगतात.’ त्याने ते पत्र घडी घालून पिशवीत ठेवले. पत्रे त्याने नेली. दगडाचे काम प्रकाशनी अंगावर घेतले आणि पाळलेही. दहा दिवसांत पाथरवट आला, जुनी तारीख घासून काढली, तारेतली घातली. घासलेली जागा फिकट दिसते.

राहिले तिसरे. प्रकाश भल्या मनाने म्हणाले, ‘वहिनी, हे पत्र नदीत सोडूया. दादांना शांती मिळेल.’

‘नदीत एक गेला,’ वहिनी म्हणाल्या. ‘दुसऱ्या नको.’ आणि ते माझ्या हातात दिले.

पत्राचे मूळ मराठी असे आहे:

‘॥ श्री ॥ मास्तर यांस भिवा गावस याचा नमस्कार. तुमचे पत्र पोचले. ते मी पुरे वाचले नाही. वर श्री नव्हते म्हणून नारायण गेला असे समजलो आणि फाडून नदीत टाकले. तो तेव्हा जिवंत होता हे मागून कळले. तुम्ही लिहायचे ते लिहिले, तुमची चूक नाही. आम्ही आलो नाही त्याचे कारण हे. नारायणाला घर होते, आई होती, मी होतो. त्याने दरवाजाकडे बघितले असेल ते तुम्ही पाहिले असेल. पत्रात काय होते ते कळवावे. वाईट असले तरी कळवावे. त्या वर्षी बी भिजत घातले नाही, पुढच्या वर्षीपासून घातले. उत्तर आल्यास शेवटपर्यंत वाचीन.’

आता उत्तर आले तर ते वाचण्याचे काम सुरेशचे आणि माझे आहे.

कळलेली माहिती एवढीच: एकाहत्तर साली पूर्वेकडे माल वाहणाऱ्या गाडीवर होते. त्याआधी शाळेत शिकवत. मराठी येत नव्हते. जांभळ्या पेन्सिलीने लिहीत. त्यांना हळर्णची सगळी शेते नावानिशी माहीत होती. ते स्वतः आता नसतीलही. पण कोणाच्या घरी असे वडील किंवा आजोबा असतील, आणि गोव्याच्या एका पोराला बघायला घरून कोणीच आले नाही असे त्यांनी कधी बोलून दाखवले असेल, तर त्या घरी एवढे कळायला हवे की भाऊ आला असता.

वहीत एकपुढे बरोबरची खूण आहे, दोनपुढे आहे. तीनपुढची जागा कोरी आहे. पत्र अजून चिकटवलेले नाही. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव आणि गाव लिहून झाले आहे. पलीकडच्या बाजूला पत्त्याच्या ओळी रिकाम्या आहेत.